आधी पुढचा धर, मग मागचा सोड

अगं, लिंक्ड लिस्टचे प्रोग्राम पाठ करायला घेतलेस ना? मीट ती वही आणि जरा ऐक माझं. इन्सर्ट, डिलीट, रिव्हर्स असे चार प्रोग्राम आदल्या रात्री घोकायचे, सकाळी प्रॅक्टिकलला जसेच्या तसे उतरवायचे आणि ओरलला एक्स्टर्नलनी ‘लिस्ट रिकामी असली तर?’ एवढंच विचारलं की मान खाली घालायची, असं कितीतरी हुशार मुलींचं होताना मी पाहिलंय. तुझं तसं होऊ नये. या विषयात पाठ करण्यासारखं एकच वाक्य आहे, ते आत्ताच सांगून टाकते: आधी पुढचा धरायचा, मग मागचा सोडायचा. बाकीचं सगळं या वाक्यातून आणि कागदावर काढलेल्या तीन-चार चौकोनांतून निघतं.

पहिल्यांदा नोड नीट समजून घे. अ‍ॅरेत सगळे घटक मेमरीत एकाला लागून एक असतात, म्हणून शंभरावा घटक कुठे आहे ते हिशोब करून लगेच काढता येतं. लिंक्ड लिस्टचे नोड मेमरीत कुठेही विखुरलेले असतात. अनोळखी गावात घर शोधताना प्रत्येक जण ‘पुढच्या वळणावर विचारा’ एवढंच सांगतो ना, तसा प्रत्येक नोड स्वतःचा डेटा सांभाळतो आणि फक्त आपल्या पुढच्याचा पत्ता सांगतो. पहिल्या नोडचा पत्ता हेडकडे असतो. शेवटच्याच्या पुढे कुणी नसतं, तिथे नल असतं.

जावात नोड म्हणजे दोन फील्ड असलेला छोटासा क्लास. एक फील्ड डेटाचं, दुसरं त्याच नोड क्लासच्या प्रकारचं. ‘नोडच्या आत नोड मावेल कसा?’ अशी शंका तुला आली असेल तर ती अगदी रास्त आहे, विचारायला लाजू नकोस. आत अख्खा नोड नसतो, त्याचा रेफरन्स असतो. म्हणूनच ‘क = ख;’ लिहिलं की नोडची दुसरी प्रत तयार होत नाही, दोघांकडे एकाच नोडचा पत्ता येतो. हे मनात पक्कं बसलं की निम्मी भीती जाते. म्हणून इथे घाई करू नकोस.

खाली मी ओळी लिहिताना नावं मराठीतच ठेवणार आहे. जावाला ते चालतं, बरं का. क्लास, व्हाइल, नल असे राखीव शब्द सोडले तर व्हेरिएबलचं नाव देवनागरीत असायला कंपायलरची हरकत नसते. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली असली म्हणजे झालं. जावा १८ पासून तर तेच गृहीत धरलं जातं. पुढे नोकरीत टीमला वाचता येतील अशी नावं ठेवावीच लागतील, पण समजून घेताना आपल्या भाषेतलं नाव फार उपयोगी पडतं. ‘मागचा’ असं लिहिलं की तो कुठे उभा आहे ते डोळ्यांसमोर येतं.

आता लिस्टवरून चालायला शिक, म्हणजे ट्रॅव्हर्सल. ‘चालू = हेड;’ लिहायचं आणि चालू नल होईपर्यंत डेटा प्रिंट करून ‘चालू = चालू.पुढचा;’ करत राहायचं. एक पथ्य पाळ: हेडला स्वतःला कधी चालवू नकोस. हेड एक पाऊल पुढे गेला की पहिल्या नोडचा पत्ता कुणाकडेच उरत नाही आणि तो नोड गेलाच म्हणून समज.

लूपची अट लिहिताना स्वतःला विचार, लूप संपेल तेव्हा मला कुठे उभं राहायचं आहे? सगळे नोड बघून व्हायला हवेत तर अट ‘चालू नल नाही तोपर्यंत’. शेवटच्या नोडवर उभं राहून त्याला काही जोडायचं असेल तर ‘चालूचा पुढचा नल नाही तोपर्यंत’. या दोन अटींची अदलाबदल झाली की एकदा शेवटचा नोड प्रिंट होत नाही आणि एकदा नल पॉइंटर एक्सेप्शन येतं.

शोधणं, म्हणजे सर्च, हेही असंच चालणं आहे. पण जावात तिथे एक खड्डा आहे आणि तो सहज दिसत नाही. नोडमध्ये डेटा इंटिजर ऑब्जेक्ट म्हणून ठेवला असेल आणि दोन्ही बाजूंना इंटिजरच असतील, तर दोन बरोबरच्या चिन्हांनी केलेली तुलना किमतींची होत नाही, रेफरन्सची होते. जावा -१२८ ते १२७ या आकड्यांचे इंटिजर ऑब्जेक्ट आधीच तयार ठेवून पुन्हा पुन्हा वापरते. त्यामुळे तू १०, २०, ३० घालून बघशील तेव्हा सर्च बरोबर चालेल, आणि ५०० शोधायला जाशील तेव्हा तो लिस्टमध्ये असूनही सापडणार नाही. म्हणून ऑब्जेक्टची तुलना नेहमी इक्वल्सने कर, स्ट्रिंग असो की इंटिजर.

आता इन्सर्ट. सुरुवातीला नोड घालायला दोनच ओळी लागतात.

नवा.पुढचा = हेड;
हेड = नवा;

यांचा क्रम उलटा केलास तर काय होतं ते कागदावर काढून बघ. आधी ‘हेड = नवा;’ केलं की जुन्या पहिल्या नोडचा पत्ता गेला. मग ‘नवा.पुढचा = हेड;’ म्हणजे नवा स्वतःलाच आपला पुढचा म्हणतो. आता प्रिंट करायला गेलीस तर एकच आकडा अखंड छापला जाईल. जुनी लिस्ट? ती गार्बेज कलेक्टरच्या ताब्यात गेली. जावा यावर एकही एरर देत नाही, आणि म्हणूनच क्रमाची जबाबदारी तुझी आहे. मधे घालतानाही हेच: आधी ‘नवा.पुढचा = मागचा.पुढचा;’ आणि मग ‘मागचा.पुढचा = नवा;’. नव्याने पुढचा धरला, त्यानंतरच मागच्याने त्याला सोडलं.

शेवटी घालायचं असेल तर शेवटपर्यंत चालत जावं लागतं, म्हणजे ओ ऑफ एन. टेल नावाचा आणखी एक रेफरन्स ठेवलास तर ते ओ ऑफ वन होतं. पण टेल ठेवला की त्याचं सगळं करावंही लागतं. रिकाम्या लिस्टमध्ये पहिला नोड आला की हेड आणि टेल दोन्ही त्याच्याकडे वळवायचे. एकुलता एक नोड काढला की हेडबरोबर टेललाही नल करायचं. हे दुसरं बऱ्याच जणी विसरतात. मग हेड म्हणतो लिस्ट रिकामी आहे आणि टेल अजून काढून टाकलेल्या नोडकडे बघत असतो. पुढचा इन्सर्ट त्या हरवलेल्या नोडला जाऊन चिकटतो आणि प्रिंट केलं तर लिस्ट रिकामीच दिसते.

डिलीट करायला जो काढायचा त्याच्या एक घर आधी उभं राहावं लागतं, कारण पत्ता बदलायचा असतो तो मागच्याकडचा. ‘मागचा.पुढचा = मागचा.पुढचा.पुढचा;’ एवढीच ओळ. सीमध्ये लिस्ट केली असशील तर पुढे फ्री लिहायला हात शिवशिवतील. जावात ते नाही. कुणाकडूनच पोचता न येणारा नोड गार्बेज कलेक्टर आपल्या सवडीने उचलतो. पहिलाच नोड काढायचा असेल तर त्याच्या मागे कुणी नाही, तिथे ‘हेड = हेड.पुढचा;’. हा वेगळा नियम लक्षात ठेवायचा कंटाळा येत असेल तर हेडच्याही आधी एक डमी नोड लाव. मग प्रत्येक नोडला कुणीतरी मागचा असतो आणि निम्मे इफ गळून पडतात. इंटरव्ह्यूत डमी नोड वापरलेला पाहिला की समोरच्याला कळतं, हिने कोड पाठ केलेला नाही.

कोणतंही ऑपरेशन लिहून झालं की चार प्रश्न विचारायची सवय लाव. लिस्ट रिकामी असली तर? एकच नोड असला तर? काम पहिल्या नोडवर असलं तर? शेवटच्या नोडवर असलं तर? मधल्या नोडवर प्रोग्राम चालला म्हणून खूश होऊ नकोस, मधे तो चालतोच. आणि एक्सेप्शन आलं तर घाबरून कोड खोडत बसू नकोस, आधी मेसेज वाच. २०२० साली आलेल्या जावा १४ मध्ये नल पॉइंटर एक्सेप्शनचा मेसेज नेमका कोणता भाग नल होता ते सांगायला लागला, आणि जावा १५ पासून ही सोय आपोआप चालू असते. ‘मागचा.पुढचा’ नल निघाला असं तो स्वतः सांगत असताना अंदाज कशाला बांधायचे?

रिव्हर्सला सगळ्या घाबरतात, म्हणून इथे थोडं थांबू. तीन नावं घे: मागचा, चालू आणि राखीव. सुरुवातीला मागचा नल, चालू म्हणजे हेड. चालू नल होईपर्यंत या चार ओळी.

राखीव = चालू.पुढचा;
चालू.पुढचा = मागचा;
मागचा = चालू;
चालू = राखीव;

लूप संपला की ‘हेड = मागचा;’. आता १०, २०, ३० अशी लिस्ट काढ आणि माझ्याबरोबर चल. पहिल्या फेरीत राखीवने २० धरला, १० चा बाण नलकडे वळला, मागचा १० वर आला, चालू २० वर गेला. दुसऱ्या फेरीत राखीव ३० वर, २० चा बाण १० कडे, मागचा २० वर, चालू ३० वर. तिसऱ्या फेरीत राखीव नल, ३० चा बाण २० कडे, मागचा ३० वर, चालू नल. लूप संपला, हेड ३० वर आला. पहिली ओळ गाळलीस तर १० चा बाण वळताक्षणी २० आणि ३० दोन्ही हातचे गेले. राखीव फक्त एवढ्यासाठीच आहे, पुढचा धरून ठेवायला. रिकर्शननेही रिव्हर्स होतं आणि दिसायला छान दिसतं, पण दर नोडमागे स्टॅकवर एक फ्रेम चढते. लिस्ट फार लांब असली तर स्टॅक ओव्हरफ्लो होतो. हे वाक्य ओरलला आपणहून बोल.

इंटरव्ह्यूत आवडीने विचारतात ती कासव आणि ससा ही जोडी. डोनाल्ड नुथनी १९६९ च्या आपल्या पुस्तकात ही युक्ती रॉबर्ट फ्लॉइडची म्हणून नोंदवली. कासव एकेक नोड जातं, ससा दोन-दोन. ससा शेवटाला पोचतो तेव्हा कासव मध्यावर असतं, म्हणजे लिस्टचा मधला नोड एकाच फेरीत मिळतो. लिस्टमध्ये कुठे गोल झालेला असेल तर ससा कधीच शेवटाला पोचत नाही. तो गोलात फिरत राहतो आणि कासवही गोलात शिरलं की दर पावलाला त्याच्याशी असलेलं अंतर एकाने कमी होत जातं, म्हणून दोघांची गाठ पडतेच. अट लिहिताना ‘ससा नल नाही’ हे आधी आणि ‘सशाचा पुढचा नल नाही’ हे नंतर लिही. पहिलं खोटं ठरलं की जावा दुसरं तपासत नाही, आणि तेच तुला वाचवतं.

आता जावाच्या तयार लिंक्डलिस्टबद्दल, कारण कॉलेजात याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. १९९८ सालच्या जावा १.२ मध्ये कलेक्शन्स फ्रेमवर्क आलं, त्यातच ही होती. ती दुहेरी लिस्ट आहे, प्रत्येक नोडकडे पुढचा आणि मागचा दोन्ही असतात. त्यामुळे अ‍ॅडफर्स्ट, अ‍ॅडलास्ट, रिमूव्हफर्स्ट, रिमूव्हलास्ट ही चारही कामं ओ ऑफ वन. रिकाम्या लिस्टवर गेटफर्स्ट एक्सेप्शन फेकतं आणि पीकफर्स्ट शांतपणे नल देतं, हा फरक विचारतातच.

गेट मात्र जपून वापर. गेटला नंबर दिला की लिस्ट जवळच्या टोकापासून मोजत चालत जाते. एक लाख घटकांवर फॉर लूप लावून दर फेरीला गेट केलंस तर साधारण अडीचशे कोटी पावलं पडतात. इटरेटरने किंवा फॉर-ईचने तेच काम एका लाखात होतं.

रिमूव्हमध्येही एक फसगत आहे. इंटिजरच्या लिस्टवर रिमूव्हला ५ दिलास तर पाच हा आकडा जात नाही, पाचव्या इंडेक्सचा घटक जातो. आकडाच काढायचा असेल तर तो इंटिजर.व्हॅल्यूऑफ मधून दे. आणि फॉर-ईच चालू असताना लिस्टमधून थेट रिमूव्ह करू नकोस. बहुतेक वेळा कन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन येतं, ते तरी बरं. पण नेमका शेवटून दुसरा घटक काढलास तर लूप काही न बोलता संपतो आणि शेवटचा घटक तपासायचा राहून जातो. इटरेटरचं स्वतःचं रिमूव्ह वापर, नाहीतर जावा ८ पासून मिळणारं रिमूव्हइफ.

एवढं शिकून तू विचारशील, ताई, मग कामात मी हीच वापरायची ना? खरं सांगते, बहुतेक वेळा नाही. ही लिंक्डलिस्ट लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉकनी स्वतः ट्विटरवर सांगून टाकलं होतं की लिहिली आपणच, पण आपण ती वापरत नाही. नेहमीच्या ६४-बिट जेव्हीएमवर तिचा एक नोड साधारण २४ बाइट खातो, डेटा वेगळाच. अ‍ॅरेलिस्टमध्ये त्याच कामाला ४ बाइटची एक जागा पुरते. शिवाय विखुरलेल्या नोडवरून फिरताना प्रोसेसरच्या कॅशचा फायदा मिळत नाही. रांग हवी असेल तर अ‍ॅरेडेक घे. जावाच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की क्यू म्हणून तो लिंक्डलिस्टपेक्षा वेगवान असण्याची शक्यता जास्त.

म्हणून हे शिकणं वाया जातं असं मात्र समजू नकोस. १९५५-५६ च्या सुमारास अ‍ॅलन न्यूवेल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन यांना प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्राम लिहायचा होता. किती मेमरी लागेल ते आधी ठरवता येत नव्हतं, तेव्हा लागेल तसा नोड जोडत जायची ही रचना त्यांनी उभी केली. ती गरज आजही आहे. तू रोज वापरशील त्या हॅशमॅपमध्ये एकाच बकेटमध्ये अनेक की आल्या की त्यांची लिंक्ड लिस्टच होते. जावा ८ पासून ती फार लांबली, म्हणजे आठच्या पुढे गेली आणि टेबल पुरेसं मोठं असलं, की तिचं झाड होतं. लिंक्डहॅशमॅप घालण्याचा क्रम लक्षात ठेवतो तो दुहेरी लिस्टच्या जोरावर, आणि एलआरयू कॅशही त्याच जोडीवर उभा राहतो. झाड आणि ग्राफ पुढच्या सेमिस्टरला येतील, तेव्हा तिथेही नोड आणि रेफरन्सच असतील, फक्त बाण जास्त.

आणि एक, तुझं वय बघून सांगते. शेजारच्या बाकावरच्या मुलाचे प्रोग्राम पहिल्या झटक्यात रन होतात म्हणून आपल्याला कोडिंग जमत नाही असं ठरवून बसू नकोस. लिंक्ड लिस्ट कुणालाच नुसती बघून येत नाही. पेन्सिलीने चौकोन काढून, बाण खोडून, पुन्हा काढूनच येते. लॅबमध्ये कीबोर्ड ग्रुपमधल्या दुसऱ्याच्या हाती देऊन आपण फक्त जर्नल सुंदर लिहायचं, ही सवय तर आजच सोड. जर्नलचे मार्क मिळतील, पण बाण कसे वळतात ते हाताला कळणार नाही.

तेव्हा आज रात्री पाठांतर बंद. तीन नोड काढ, वहीत न बघता रिव्हर्स लिही, चारही प्रश्न विचार आणि मग रन कर. अडलीस तर कितीही वाजले तरी मला फोन कर, पण फोन करायच्या आधी कागदावर बाण काढलेले असू देत.